चुंबकसूचीचा राखणदार : नानाभॉय मूस

आपल्या वार्षिकात दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय असतोच. संत, समाजसुधारक, मुक्तिसंग्रामातील सेनानी यांच्याविषयी आपण वाचतो आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र मी एका अशा माणसाचे चरित्र सांगणार आहे, ज्यांनी ना सभा गाजवली, ना तुरुंगवास भोगला. त्यांनी आयुष्यभर एका हलणाऱ्या सुईवर नजर ठेवली. त्यांचे नाव नानाभॉय आर्देशीर फ्रामजी मूस. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांना हे नाव परिचित आहे. कला शाखेत शिकणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कानावर ते क्वचितच येते. मी भूगोलाची विद्यार्थिनी, त्यामुळे ते माझ्या कानावर आले, आणि एकदा आल्यावर मनातून गेले नाही.

मूस यांचा जन्म ऑक्टोबर १८५९ मधला. हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांच्या जन्माच्या जेमतेम दोन महिने आधी, १ सप्टेंबर १८५९ रोजी, रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला सूर्यावरील डागांचे चित्र काढत असताना त्या डागांवर एकाएकी प्रखर उजेड चमकलेला दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवरच्या चुंबकसूच्या वेड्यावाकड्या हलू लागल्या. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. एरवी ध्रुवप्रदेशात दिसणारा रंगीत प्रकाश थेट उष्ण कटिबंधापर्यंत दिसला. त्या दिवशी, म्हणजे २ सप्टेंबरला, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतले सहायक नेहमीप्रमाणे सुईचे वेध घेत होते. वादळ उठल्याचे ध्यानी येताच तासातासाचे वेध त्यांनी काही मिनिटांवर आणले. मुंबईत भर दुपारच्या आधी सुईवरील आडवे बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले. इतकी मोठी घसरण त्या वेळी व्यवस्थित आकड्यांत पकडणारी नोंद जगात दुर्मिळच. ज्या बाळाने पुढे या नोंदींचा अर्थ लावायचा होता, ते तेव्हा जन्मायचे होते. हा योगायोगच, पण मोठा बोलका योगायोग आहे.

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ कळावी व ताऱ्यांचे वेध घ्यावेत, हा मूळ हेतू. १८४१ पासून तेथे चुंबकीय वेध सुरू झाले. मराठी माणसाला या वास्तूविषयी जिव्हाळा वाटावा अशी कारणे आहेत. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांचा तिच्याशी संबंध आला. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी तेथेच काम केले. म्हणजे वृत्तपत्र, गणित आणि आकाश यांची मराठीतली गाठ या वेधशाळेच्या आवारात पडली होती, असे म्हटले तरी चालेल.

मूस पारशी कुटुंबातले. त्यांचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात व पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाले. पुण्यात त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि पुढे स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी मिळवली. परत आल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजात ते विज्ञानाचे अध्यापक झाले. एडिंबरोपासून जवळच असलेल्या ग्लासगोत त्या काळी विल्यम थॉम्सन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, शिकवीत होते. या केल्व्हिनसाहेबांचा आपल्या कथेशी दोन प्रकारे संबंध येतो. म्हणून त्यांची ओळख येथेच करून घेऊ.

नांदेडच्या गोवर्धन घाटावर पावसाळ्यात कधी गोदावरी निरखून पाहिली आहे काय? मधली धार जोरात धावते. काठालगतचे पाणी जवळजवळ थांबलेले असते. या दोन पाण्यांच्या सीमेवर रेषा सरळ राहत नाही. आधी ती किंचित वळते, मग वळण वाढते, आणि शेवटी पाणी स्वतःभोवती गुंडाळत भोवरे तयार होतात. एकाला लागून दुसरा थर वेगळ्या वेगाने सरकू लागला की त्यांच्या सीमेवर ही अस्थिरता जन्म घेते. वाऱ्याने तलावावर लाटा उठतात त्यामागेही हेच तत्त्व. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी १८६८ मध्ये आणि केल्व्हिन यांनी १८७१ मध्ये याचे गणित मांडले. म्हणून तिला केल्व्हिन-हेल्महोल्ट्झ अस्थिरता म्हणतात. ही झाली पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट अशी. १८९२ मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्ष या नात्याने भाषण करताना केल्व्हिन यांनी सूर्य आणि पृथ्वीवरील चुंबकीय वादळे यांचा संबंध साफ नाकारला. जून १८८५ मधील एका वादळाचा हिशेब त्यांनी मांडला. सूर्याने ते वादळ घडवले असे मानल्यास, सूर्य जेवढी उष्णता व प्रकाश चार महिन्यांत देतो तेवढी शक्ती त्याने आठच तासांत खर्च केली असे मानावे लागेल, असे त्यांचे उत्तर आले. त्यांचा गुणाकार-भागाकार चुकला नव्हता. गृहीत चुकले होते. सूर्य जणू एक प्रचंड लोहचुंबक आहे आणि त्याचा प्रभाव सर्व दिशांना सारखाच पसरतो, असे त्यांनी धरले होते. सूर्याकडून एखादा प्रवाह वाहत येऊन पृथ्वीवर आदळत असेल, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. एवढ्या मोठ्या माणसाने नाही म्हटल्यावर इतरांचे धाडस कमी होते. अशा वेळी उपयोगी पडतात ते आकडे. वर्षानुवर्षे, न कंटाळता, न गाळता लिहिलेले आकडे. मूस यांच्या हाती नेमके तेच आले.

१८९६ मध्ये वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स यांचे निधन झाले आणि मूस त्या पदावर आले. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची भयंकर साथ सुरू झाली. लाखो माणसे शहर सोडून गेली. असे ते दिवस होते. आपले नांदेड आणि लातूर त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. परकीय सत्तेच्या काळात, जेथे वरच्या जागा साहेबांसाठीच राखलेल्या असत, तेथे एका भारतीयाने शास्त्रीय संस्थेची सूत्रे हाती घेणे ही लहान बाब नव्हती. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ ती सूत्रे त्यांच्याकडे राहिली.

संचालकपदी आल्यावर थोड्याच वर्षांत त्यांच्यापुढे एक पेच उभा राहिला. १८७४ पासून मुंबईत घोड्यांची ट्राम धावत होती. घोड्याने सुईला काही होत नाही. पण शहराला विजेची ट्राम हवी होती. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जाताना जमिनीत पाझरतो, आणि वाहणाऱ्या विजेभोवती चुंबकत्व असते. म्हणजे प्रत्येक ट्राम गेली की कुलाब्याची सुई थरथरणार. सुई सूर्यामुळे हलली की ट्राममुळे, हे कसे ओळखायचे? हा पेच मुंबईपुरता नव्हता. कॅनडातल्या टोरँटोची वेधशाळा याच कारणाने १८९८ मध्ये शहराबाहेर हलवावी लागली होती, आणि लंडनजवळच्या क्यू येथील चुंबकीय कामही पुढे १९०८ मध्ये स्कॉटलंडच्या निर्जन भागात न्यावे लागले.

ट्राम थांबवा असा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता. लोकांची सोय महत्त्वाची होती. नोंदी बंद करणेही परवडणारे नव्हते. साठ वर्षांची साखळी तुटली असती. मूस यांनी तिसरा मार्ग धरला. मुंबईपासून दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर, समुद्रकाठी, अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. एखाद्याला भोळा ठरवायचे असले की आपण सहज विचारतो, अलिबागहून आलास काय? मला तर आता हा प्रश्न बहुमानाचा वाटतो. सूर्याच्या वादळांची बातमी अलिबागहूनच येते!

ही इमारत बांधणे सोपे नव्हते. लोखंडाचा खिळासुद्धा चालणार नव्हता. खिळे, बिजागऱ्या, कड्या सगळे तांब्यापितळेचे. दगडाचा प्रश्न तर अधिकच अवघड. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात लोहयुक्त खनिज असते आणि त्या पाषाणाला स्वतःचेच चुंबकत्व असते. नांदेडच्या किल्ल्याचा किंवा औशाच्या तटाचा दगड सुईजवळ ठेवला तर सुई ढळू शकते. म्हणून बांधकामासाठी पोरबंदरचा दगड तपासून आणला गेला. १९०४ मध्ये अलिबागचे वेध सुरू झाले. आणि येथेच मूस यांचे खरे मोठेपण दिसते. अलिबाग सुरू झाले म्हणून त्यांनी कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत, सुमारे दोन वर्षे, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. दोन ठिकाणच्या आकड्यांत किती फरक पडतो, हे त्यामुळे कळले आणि जुनी मालिका नव्या मालिकेला बेमालूम जोडता आली. मे १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तोवर सुई सुखरूप अलिबागला पोहोचली होती. घर बदलताना आपण सामान हलवतो. मूस यांनी काळाचा धागा हलवला आणि तो तुटू दिला नाही.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या कामाकडे वळते. १९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी दोन भागांत प्रसिद्ध केल्या. पहिल्या भागात उपकरणे व आकडे, दुसऱ्यात त्या आकड्यांची चर्चा. तासाला एक नोंद धरली तरी साठ वर्षांत एकाच घटकाचे सव्वापाच लाख आकडे होतात, आणि घटक तर अनेक! आजच्यासारखे संगणक नव्हते. आधीच्या काळात सुई डोळ्याने वाचली जाई, १८७० नंतर छायाचित्राच्या कागदावर ती आपोआप रेघ उमटवू लागली. दोन्ही प्रकारच्या नोंदी एका मापात आणायच्या, उपकरणांचे दोष वजा करायचे, मगच सरासरी काढायची. हे काम कारकुनी वाटेल. पण आपल्यापैकी ज्यांनी जुन्या दप्तरांतून एखाद्या गावाच्या पावसाची दहा वर्षांची आकडेवारी जुळवून पाहिली असेल, त्यांना त्यातला घाम कळेल.

या ढिगातून मूस यांनी काय शोधले? एकेक वादळ स्वतंत्रपणे पाहिले तर ते वेडेवाकडे दिसते. पुष्कळ वादळे एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली, तर त्यांच्यात एक शिस्त दिसते. आरंभी आडवे बल अचानक वाढते, मग काही तासांत खोल घसरते, आणि पुढे कित्येक दिवस सावकाश पूर्वपदावर येते. तापाच्या रोग्यासारखेच, ताप भरभर चढतो, उतरतो मात्र हळूहळू. विख्यात गणिती सिडनी चॅपमन यांनी १९१८ च्या सुमारास चुंबकीय वादळांचा सिद्धांत रचायला घेतला, तेव्हा मूस यांच्या या कामाचा त्यांना आधार झाला. आज प्रत्येक वादळाची तीव्रता ज्या निर्देशांकाने मोजतात, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

सूर्याकडून येणारा तो प्रवाह पुढे सापडला. १९५८ मध्ये अमेरिकेच्या यूजीन पार्कर यांनी गणिताने दाखवले की सूर्याभोवतीचा तप्त वायू स्थिर राहू शकत नाही. तो स्वनातीत वेगाने बाहेर वाहतो. हा सौरवात. त्यातले अणू फुटून विद्युत्‌भारित झालेले असतात. अशा द्रव्याला आयनद्रायू किंवा प्लाझ्मा म्हणतात. त्याचा वेग सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर, म्हणजे नांदेडहून मुंबईला जायला त्याला दोन सेकंदही लागू नयेत. १९६२ मध्ये मरिनर-२ या यानाने तो अखंड वाहतो याची खात्री केली. पृथ्वीचे चुंबकत्व या वाऱ्यापुढे ढालीसारखे उभे असते, आणि वारा तिच्या दोन्ही बगलांवरून घसरत पुढे जातो.

आता गोवर्धन घाट आठवा. बाहेर धावणारा सौरवात आणि आत जवळजवळ स्थिर असलेला आयनद्रायू! सीमेवर भोवरे उठलेच पाहिजेत. मात्र अवकाशातला हा खेळ नदीपेक्षा गुंतागुंतीचा आहे. चुंबकीय बलरेषा ताणलेल्या दोरीसारख्या असतात. त्या प्रवाहाच्या दिशेत असतील तर लाटेला वाकू देत नाहीत. शिवाय वेग स्वनातीत झाला की वायू दबतो आणि भोवऱ्याची वाढ मंदावते. नदीत धार जितकी जोरात तितका भोवरा मोठा, असा आपला अनुभव. अवकाशात वेग एका मर्यादेपलीकडे गेला की तोच भोवऱ्याला आवरतो. असे भोवरे खरेच होतात का, हा वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर क्लस्टर नावाच्या चार यानांनी २००१ मध्ये घेतलेल्या मोजमापांत पूर्ण गुंडाळलेले भोवरे आढळले. २००४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या व्यासापेक्षा कितीतरी मोठे असे ते भोवरे होते. सौरवाताचे कण ढालीच्या आत शिरण्याची ती एक वाट आहे. मोठी वादळे मुख्यतः दुसऱ्या कारणाने होतात. सूर्याकडून आलेल्या बलरेषा पृथ्वीच्या बलरेषांना विरुद्ध दिशेने भेटतात आणि जोडल्या जातात, तेव्हा दरवाजाच उघडतो. पण काही मिनिटांच्या तालावर चुंबकसूची जी मंद झुलते, त्यातला काही झोका या दूरच्या भोवऱ्यांचा असतो. ज्यांनी सूर्याचा हात नाकारला, त्या केल्व्हिन यांचेच नाव आज सौरवाताच्या भोवऱ्यांना लाभले आहे. शास्त्रात असा न्याय कधी कधी होतो.

१८५९ च्या त्या नोंदींचे पुढे काय झाले? त्या कागदांवरच राहिल्या. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पुन्हा काढून अभ्यासल्या, आणि जगातल्या सर्वांत तीव्र ज्ञात वादळाचे मोजमाप मुंबईच्या आकड्यांवरून झाले. १९८९ च्या मार्चमध्ये याहून कितीतरी सौम्य वादळाने कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील साठ लाख लोकांची वीज सुमारे नऊ तास घालवली होती. १८५९ सारखे वादळ पुन्हा आले तर काय होईल, याचा अंदाज आज कुलाब्याच्या त्या ओळींवरून बांधतात. मे २०२४ मध्ये मोठे वादळ आले, तेव्हाही अलिबागची सुई जागी होती.

मूस यांचे आणखी एक काम आपल्याला, विशेषतः लातूरकरांना, विसरता येणार नाही. १८९७ मध्ये आसामात प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर लगेच, १८९८ च्या सुमारास, मूस यांच्या कारकिर्दीत कुलाब्याला मिल्न पद्धतीचे भूकंपमापक यंत्र बसले. देशातल्या अगदी पहिल्या यंत्रांपैकी ते एक. माझे गाव औसा तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरच्या परिसरात काय झाले, ते मी पाहिलेले नाही. आजीकडून ऐकले आहे. गणपती विसर्जनाची रात्र, दमून झोपलेली माणसे, आणि दगडमातीच्या जाड भिंती. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. आजी सांगते की आदल्या वर्षापासून जमिनीतून आवाज येत होते, भांडी वाजत होती. १९९२ मध्ये त्या भागात धक्के जाणवले होते, हे पुस्तकांतही नोंदले आहे. पण दख्खनचे पठार स्थिर आहे असा समज होता, आणि आपल्या भागात यंत्रांचे दाट जाळे नव्हते. यंत्रे असती म्हणून भूकंप टळला असता असे मी म्हणत नाही. भूकंपाची वेळ सांगणे आजही कोणाला जमत नाही. चुंबकसूचीही ती सांगत नाही. पण जमिनीचा स्वभाव कळला असता, तर घरांच्या भिंतींविषयी कोणीतरी वेळेवर बोलले असते. २००६ च्या अखेरीपासून नांदेड शहरात सौम्य धक्के जाणवू लागले तेव्हा यंत्रे बसवून त्यांचा अभ्यास झाला. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीचा धक्का नांदेडला जाणवला, तेव्हा त्याची तीव्रता आपल्याला काही वेळातच कळली. हा फरक नोंदींमुळे पडला.

मूस १९३६ मध्ये वारले. कुलाबा आणि अलिबाग यांच्या त्या परंपरेतून १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वायत्त संस्था झाली. तिचे मुख्यालय आता नवी मुंबईत पनवेल येथे आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे कुलाब्याने ते महावादळ टिपले त्याच तारखेला, भारताचे आदित्य-एल१ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले.

मित्रमैत्रिणींनो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. वेधशाळेत काम करण्याची वेळ आपल्यापैकी फार थोड्यांवर येईल. पण नोंद ठेवण्याचे काम आपलेही आहे. गावाच्या विहिरींची पातळी, बोलीतले शब्द, बाजारातले भाव, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी हे सारे रोज थोडे थोडे नाहीसे होत आहे. त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. २ सप्टेंबर १८५९ ला दर काही मिनिटांनी सुई वाचणाऱ्या त्या सहायकांना तरी उपयोग कुठे ठाऊक होता? त्यांनी खरे ते लिहिले. मूस यांनी ते जपले, जोडले, समजून घेतले. किल्लारीत आदल्या वर्षी वाजलेल्या भांड्यांचा आवाज मात्र आजीसारख्यांच्या आठवणीतच राहिला. आपल्या मराठवाड्याला यापुढे अशा राखणदारांची गरज आहे, आणि ते बाहेरून येणार नाहीत.